मालुआक्का बसली तशी

तुम्ही ते चित्र कोठीत कोंडलंत. भिंतीकडं तोंड करून, मोडक्या खुर्च्यांच्या मागं, वर बारदान टाकून. आणि मला सांगितलंत, "त्या गेल्या की लावू." अध्यक्षसाहेब, एक बाई मरायची वाट बघत बसलेलं मंडळ मी जन्मात पहिल्यांदा बघितलं. तिला संक्रांतीला तिळगूळ देत होता, कार्यक्रमाला पुढच्या रांगेत बसवत होता, आणि आतून वाट बघत होता.

तुमचं नाव इथं लिहीत नाही. नाव लिहिलं की तुम्ही वकील गाठाल आणि सगळी चर्चा नावावर जाईल. ही गोष्ट चित्राची आहे, चित्रावरच राहू दे.

मी चंदना. गाव सदलगा, राहते निपाणीत. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावरच्या "आईची कृपा"पासून शाळेच्या भिंतीवरच्या अननसापर्यंत पडेल ते रंगवते, पण चूल पेटते ती मेलेल्या माणसांवर. घरातलं कोण गेलं की लोक पासपोर्ट फोटो घेऊन येतात आणि मोठं तैलचित्र मागतात. "डोळा जरा उघडा करा." "शर्टावर कोट चढवा." "हयात असताना दात नव्हते, पण आता बसवा." मी बसवते. जैनाची पोरगी मेलेल्यांची तोंडं रंगवत हिंडते म्हणून भावकीत माझं लई नाव आहे. चांगलं नव्हे.

कुठल्या कॉलेजात मी शिकले नाही. मला शिकवलं एका जाड्या फ्रेंच माणसानं. शहापुरात मावशीकडं गेलते, तेव्हा विणकरांच्या मागाच्या खडखडाटाला कंटाळून बाहेर पडले, तर रद्दीच्या दुकानात कव्हर फाटलेलं एक इंग्रजी पुस्तक दिसलं. सगळी जुनी युरोपातली चित्रं. राण्या, सरदार, रेशीम, मोती. आणि मध्येच हा. काळा कोट, पांढरे विस्कटलेले केस, खुर्ची भरून उरलेलं अंग. दोन्ही हात मांड्यांवर रोवलेले, बोटं आत वळलेली, कोपरं बाहेर. आता उठतो आणि समोरच्याचा समाचार घेतो, अशी बैठक. मी दुकानात उभी राहिले ती राहिलेच. आमच्या सदलग्यात सोसायटीच्या कट्ट्यावर बाळगोंडाआप्पा, म्हणजे माझा बाप, उसाच्या तोडीवरनं भांडायला बसतो तो असाच बसतो.

माणसाचं नाव बेर्तँ. पॅरिसमधल्या एका वर्तमानपत्राचा मालक. चित्रकार अँग्र, साल १८३२. मूळ चित्र तिथल्या लूव्र संग्रहालयात आहे. मी बरीच वर्षं त्या चित्रकाराला "इंग्रेस" म्हणत होते. मोबाईल आला तेव्हा कळलं की तो अँग्र. माझं काय बिघडलं नाही, त्याचंही नाही.

डिक्शनरी घेऊन मी ती पानं वाचली. हा अँग्र माझ्यासारखा रस्त्यावरचा नव्हता. तो अकादमीचा सभासद. रेघ अशी पाहिजे, पोज अशी पाहिजे, जुन्या लोकांनी केलं तसंच पाहिजे, असं शिकवणाऱ्यांतला. तुमच्या मंडळात शोभला असता. तर त्याला ह्या बेर्तँचं चित्र काढायचं होतं आणि जमत नव्हतं. सांगतात की तो वैतागून रडला. उभा करून बघितलं, नाना तऱ्हा केल्या, माणूस काय चित्रात येईना. आणि मग एक दिवस बेर्तँ कुणाशी तरी राजकारणावर वाद घालत बसला होता, दोन्ही हात मांड्यांवर टाकून. अँग्रनं ते बघितलं आणि म्हणाला, सापडलं. नियमांत जन्म घालवलेल्या माणसानं समोरचा जसा बसला तसा काढला. ह्या एका गोष्टीसाठी मी त्याला मानते. त्याच्या राण्याबिण्या असू देत त्याच्याकडं.

ते एक चित्र मी पुन्हा पुन्हा काढलं. पुठ्ठ्यावर, पत्र्यावर, जुन्या लुगड्यावर खळ लावून. कोटाचा काळा रंग नुसता काळा नसतो हे मला त्यानं शिकवलं. खुर्चीच्या गुळगुळीत हातावर एवढासा खिडकीचा उजेड पडलाय, तो काढायला मला दोन पावसाळे लागले.

आता तुमच्याकडं येते.

तुमच्या सभागृहाची जागा म्हणजे जुनी तंबाखूची वखार. मालक ती विकून मोकळा होणार होता. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायका दारात बसल्या आणि त्यांच्या पुढं बसली मालुबाई. उन्हाळा काढला, पावसाळा काढला. पोरं तिथंच निजवली, भाकऱ्या तिथंच थापल्या. शेवटी जागा कामगारांच्या सभागृहाला मिळाली. हे सगळ्या निपाणीला ठाऊक आहे. पण आत जाऊन भिंत बघा. सगळे पुरुष. सगळे अध्यक्ष. सगळे छातीपर्यंत, कपाळाला टिळा, गळ्यात चंदनाचा हार. त्यातले निम्मे मीच रंगवलेत, म्हणून सांगते, एकाचेही हात दिसत नाहीत.

सभागृहाला पन्नास वर्षं होणार म्हणून एक बाई भिंतीवर पाहिजे, असं तुमच्या मंडळात ठरलं. कुणाच्या तरी सुनेनं विचारलं असणार. सेक्रेटरी नागेंद्र माझ्याकडं मालुबाईच्या आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन आला.

"ह्याच्यावरनं काढा," म्हणाला.

"ती बाई जिवंत आहे. पलीकडच्या गल्लीत राहते."

"मग?"

"मग मी तिला बघून काढणार."

"कशाला उगच तरास? फोटो हाय की."

झेरॉक्समध्ये मालुबाईच्या तोंडाच्या जागी एक काळा डाग होता. मी तो नागेंद्रला परत दिला.

मालुआक्का ऐंशीला टेकलेली. वखारीनं दिलेला खोकला आणि वखारीनं दिलेला आवाज, दोन्ही शाबूत. मी रंग घेऊन गेले, तर बाई नवं लुगडं नेसून, तोंडाला पावडर लावून, खुर्चीच्या टोकावर बसलेली. खुर्ची प्लास्टिकची, लाल. पदर डोक्यावर, हात मांडीत जोडलेले, हनुवटी खाली, श्वास कोंडलेला.

"आक्का, श्वास घ्या."

"फोटूत श्वास दिसतोय व्हय?"

"हा फोटो नव्हे. लई वेळ लागणार आहे."

"मग घेते थोडाथोडा."

अशा किती सकाळी गेल्या. रोज पावडर, रोज जोडलेले हात. मी कॅनव्हास पुसत होते, परत काढत होते. पुढ्यात जी उमटत होती ती कुठल्याही अगरबत्तीच्या पुड्यावरची बाई होती. मी रडले नाही, मला रडायला येत नाही, पण ब्रश भिंतीवर फेकला. आक्का म्हणाली, "फेक, फेक. भिंतबी रंगवून घिऊ त्या निमतानं."

आणि मग नागेंद्र आला. हातात कार्यक्रमाच्या पत्रिकेचा नमुना.

"आक्का, तुमचं नाव घेतलंय बघा मागल्या पानावर. 'विशेष सहकार्य'."

मालुआक्कानं पत्रिका हातात घेतली नाही. ती खुर्चीत मागं सरकली. पदर खांद्यावर आला. दोन्ही हात गुडघ्यांवर दाणकन बसले, कोपरं बाहेर.

"कुणाला सहकार्य केलं म्हनं मी?"

"म्हंजे... मंडळाला."

"मंडळ कवा जलमलं रं?"

"आक्का, तसं न्हवं..."

"मी वखारीच्या दारात बसलेली तवा तुझा अध्यक्ष खालच्या गल्लीत चड्डी सावरत पळत हुता. मी त्येला सहकार्य केलं व्हय? जागा मी आणली. मंडळानं मला सहकार्य केलं म्हणून लिव्ह. न्हाय तर माझं नावच घालू नकोस, तेवढी शाई वाचंल."

नागेंद्र माझ्याकडं बघत होता, मी त्याच्याकडं बघत नव्हते.

"आक्का, हलू नका."

"का गं? पाल हाय व्हय मागं?"

"न्हाय. अशाच बसा. नागेंद्र, तूही जाऊ नकोस. बोलत राहा."

"काय बोलू?"

"कायपण. तू बोललास की त्या चिडतात."

त्या सकाळी मी कोळशानं रेघ मारली ती एकदाच मारली, पुसली नाही. मग पिशवीतून ते फाटकं पुस्तक काढून आक्काला बेर्तँ दाखवला. तिनं पुस्तक लांब धरलं, जवळ धरलं.

"ह्यो कोण? सावकार?"

"पेपरवाला. फ्रान्सचा."

"मग वसुलीला बसल्यागत का बसलाय? आणि हात बघ, खेकड्यागत." थोडा वेळ बघत राहिली. "पर माणूस खरा हाय. मागं सरायचा न्हाय."

"ह्याची पोरगी म्हणाली म्हणे, माझे वडील सरदारासारखे दिसतात आणि चित्रकारानं त्यांचा जाडा शेतकरी करून टाकला."

"मग? शेतकरी म्हंजे काय शिवी हाय?"

"तिला वाटली."

"तिला रानात भांगलायला धाडायला पायजे हुती एक दिस."

त्यानंतर आक्कानं पावडर लावली नाही. रोजचं लुगडं, रोजची खुर्ची. बोलायला नागेंद्र नसला तर मी तुमचा विषय काढत होते, साहेब. तुमचा उपयोग झाला, खोटं कशाला बोलू. तंबाखूनं पिवळी पडलेली बोटं मी पिवळीच काढली. लाल प्लास्टिकच्या हातावर दाराचा उजेड पडत होता, तो काढला. त्या फ्रेंच खुर्चीवर पडलेल्या उजेडापेक्षा माझा उजेड कमी नाही. कुणी म्हणावं, ती गर्वानं बोलते. बोलते.

पुरं झालं तेव्हा आक्का चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली.

"अशी दिसते व्हय मी?"

"चिडल्यावर."

"मग बरोबर हाय." नाक पुसलं तिनं पदरानं. "ही भित्तीला लाव बाई, पर मी हाय तवरच. मागनं सगळीच हार घालत्यात. मला काय दिसणार हाय त्यो हार? मला आत जाऊन, मान वर करून बघायचं हाय. तेवढं कर."

"करते," म्हणाले. शब्द दिला. माझ्या धंद्यात हा शब्द मी कुणाला दिला नव्हता, कारण माझी गिऱ्हाइकं बोलत नव्हती.

मग तुमची बैठक. ती आठवते का? चित्र टेबलाला टेकवून ठेवलं होतं आणि तुमचे सभासद चहाचे कप धरून लांबूनच बघत होते.

"बाई असं बसते काय?" हे पहिलं वाक्य तुमचंच.

"बसली आहे," मी म्हणाले.

"तसं नव्हे हो. शोभत नाही. हात जोडलेले करा की. तुम्हाला काय अवघड आहे? आणि डोक्यावर पदर घ्या."

दुसरे म्हणाले, "प्लास्टिकची खुर्ची? आपली सागवानी खुर्ची हाय की आत."

तिसरे म्हणाले, "शेतातली बाई वाटालीय एकदम."

पॅरिसमधली ती पोरगी निपाणीच्या बैठकीत येऊन बसली होती. मी म्हणाले, हात बदलणार नाही. खुर्ची बदलणार नाही. पाहिजे तर लावा, नको तर सांगा.

तुम्ही चिडला नाहीत. तुम्ही कधीच चिडत नाही. तुम्ही हसून म्हणालात, "ताई, चित्राचं राहू दे. मुद्दा वेगळाच आहे. आपल्या भिंतीवर हयात माणसाचा फोटो लावत नाहीत. अपशकुन असतो. आक्कांना आपण शंभर वर्षं आयुष्य मागतो ना? मग त्या गेल्या की लावू. सन्मानानं लावू." आणि शिपाई शामूला हाक मारून चित्र कोठीत पाठवलंत.

बाहेर येऊन मी आक्काला सांगितलं. मला वाटलं ती भडकेल. ती हसली, खोकला लागेपर्यंत हसली. "शंभर वर्सं मागतोय व्हय? म्हंजे शंभर वर्सं लावायचं न्हाय म्हणतोय की गं." हसू थांबल्यावर म्हणाली, "लावशील न्हवं पर तू?"

मी मान हलवली. कसं लावायचं ते ठाऊक नव्हतं. तुमच्या दाराशी मी हेलपाटे घातले, अर्ज दिले. सेक्रेटरी म्हणायचा, साहेब बेळगावला गेलेत. बेळगावला फोन केला की साहेब बेंगळूरला.

आता जे झालं ते तुम्ही सगळ्यांना वेगळं सांगत हिंडताय, म्हणून नीट लिहिते. कुणी कट केला नाही. मी नाही, आक्कानं नाही. तुमच्याच हुकमानं झालं.

कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात नागेंद्रनं शामूला फोन केला, "सगळे फोटो बाहेर काढ, पुसून घे, हार घाल." सगळे म्हणजे भिंतीवरचे, असं नागेंद्रच्या मनात. शामू सरळ माणूस. सगळे म्हणजे सगळे. त्यानं कोठी उघडली, बारदान काढलं आणि त्याला आक्का दिसली. साहेब म्हणालते, त्या गेल्या की लावू. आता काढ म्हणालेत. म्हणजे आक्का गेली. त्या म्हाताऱ्याच्या डोळ्याला पाणी आलं. त्यानं काच नसलेलं ते चित्र कोरड्या फडक्यानं हळू पुसलं, कपाळाला कुंकू लावलं, सगळ्यांत जाड चंदनाचा हार घातला, व्हरांड्यात टेबलावर ठेवलं आणि पुढं उदबत्ती लावली.

समोरच्या झेरॉक्सवाल्यानं फोटो काढला. स्टेटस: "भावपूर्ण श्रद्धांजली. निपाणीची वाघीण हरपली."

लोक आक्काच्या घराकडं धावले. घराला कुलूप. फोन बंद. कुलूप बघून कुणी म्हणालं दवाखान्यात नेलं, कुणी म्हणालं तिथनंच मातीला नेलं. आक्का सदलग्यात होती, भाच्याच्या घरभरणीला, आणि तिचा फोन चार्ज नव्हता. तो कधीच नसतो.

मी ट्रॉली रंगवत होते. स्टेटस बघितलं आणि डबा तसाच उघडा टाकून पळाले. गल्लीगल्लीतनं बायका निघालेल्या. बिडीची पानं भिजत घातलेली तशीच, सुपं तशीच. टेम्पो भरभरून बायका आल्या. व्हरांडा भरला, पायऱ्या भरल्या, रस्ता भरला. यशोदाबाई, आक्काच्या शेजारी वखारीत जन्म काढलेली, टेबलाचा पाय धरून गळा काढत होती, "माझ्या वाघिणी गंऽऽ, मला सोडून कशी गेलीस गंऽऽ..."

मी चित्राकडं बघितलं. कुंकू लावलेलं, हार घातलेलं. माझ्या तोंडातनं एक शिवी गेली, ती इथं लिहीत नाही. मला रडू येत नव्हतं, लाज वाटत होती. आक्काला दिलेला शब्द गेला होता.

आणि मग तुम्ही आलात. पांढरे कपडे, मोठं पुष्पचक्र, मागं दोन मोबाईल धरलेले कार्यकर्ते. एवढ्या बायका बघून तुम्ही पायरीवर थांबलात. निवडणूक जवळ होती हे मी म्हणत नाही, तुम्हीच आठवा. तुम्ही माईक मागवलात.

तुमचं भाषण माझ्या फोनमध्ये आहे. शब्द न् शब्द. "मालुआक्का आज आपल्यात नाहीत. पण ह्या चित्राकडं बघा, बंधू-भगिनींनो! ह्या हातांकडं बघा! कुणापुढं न जुळलेले हे हात! ह्या हातांनी ही वास्तू उभी केली! साधी खुर्ची, साधं लुगडं, पण बैठक राणीची! असं चित्र संपूर्ण जिल्ह्यात नाही! हे चित्र आज, आत्ता, ह्या क्षणी, दाराच्या समोरच्या भिंतीवर, माझ्या पूज्य वडिलांच्या शेजारी लागलंच पाहिजे, आणि जोवर ही भिंत उभी आहे तोवर ते कुणी हलवणार नाही, हा माझा शब्द आहे!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या, रडत रडत. शामूनं खिळा आणला. मी आडवी आले. "आता कशाला? आता नको," ओरडले. तुम्ही माईक बाजूला धरून माझ्या खांद्यावर हात ठेवलात, "ताई, तुमची भावना मी समजू शकतो." आणि चार जणांनी चित्र उचलून आत नेलं. बायका मागोमाग आत. चित्र भिंतीवर चढलं. तुम्ही खाली उभे राहून परत बोलायला लागलात.

तोवर इकडं सदलग्याची बस स्टँडवर आली होती. आक्का उतरली, हातात घरभरणीच्या पोळ्यांची पिशवी. रिक्षावाल्यानं तिला बघून हातच जोडले, मग मागं सरकला.

"काय रं, असं का करालायस?"

त्यानं स्टेटस दाखवलं.

"कोण मेलं म्हणालायस?"

"तुमीच, आक्का."

"बरं," म्हणाली आक्का, "चल मग, बघून यिऊ."

ती सभागृहात शिरली तेव्हा सगळ्यांच्या पाठी तिच्याकडं होत्या. ती दाराजवळ रडणाऱ्या यशोदाबाईशेजारी खाली बसली.

"कोण गेलं गं?"

"मालुआक्का गेली गंऽऽ..."

"लई चांगली हुती न्हवं?"

"चांगली कसली, तोंडाळ हुती! पर आमची हुतीऽऽ..." यशोदाबाईनं डोळे पुसले, शेजारी बघितलं आणि अशी किंकाळी फोडली की तुमचा माईक कुईं करून वाजला.

मग काय झालं ते मला सांगता येईल असं वाटत नाही. आधी सगळे मागं सरले. मग एक पोरगी हसली. मग तिच्या शेजारची. मग ते हसू दारापासनं भिंतीपर्यंत गेलं आणि बाहेर रस्त्यावर गेलं. डोळ्यांतलं पाणी तसंच आणि बायका एकमेकींना धरून हसतायत. शामू आक्काच्या पाया पडला आणि रडतच म्हणाला, "आक्का, मी उदबत्तीबी लावली हो."

आक्कानं त्याला उठवलं. वाट झाली. ती मधनं चालत आली, मान वर केली आणि भिंतीकडं बघितलं. तिला जसं बघायचं होतं तसं. आत येऊन, मान वर करून. मी तिच्या मागं उभी होते आणि मला त्या क्षणी कुठल्या लूव्रची हाव राहिली नव्हती.

"उंच लावलंय," ती म्हणाली. "बरं केलं."

मग तुमच्याकडं वळली. "थांबलासा का, आप्पा? बोला की. जित्तेपणी मला एवढं कोण बोललं न्हवतं."

तुम्ही माईक बंद केलात.

"बरं, ऱ्हाऊ दे. त्यो हार तेवढा काढा. चंदन नाकात शिरालंय माझ्या, हितनंच."

नागेंद्रनं स्टूल आणलं. हार काढला. कुंकू मी माझ्या पदरानं पुसलं. हार कुठं ठेवायचा कुणाला कळेना, तो हातोहाती फिरत तुमच्या हातात आला आणि तुम्ही तो धरून उभे राहिलात. तो फोटो कुणी काढला मला माहीत नाही, पण तो मात्र सगळ्यांच्या फोनमध्ये आहे. आक्का म्हणाली, "आता आलाच हैसा तर च्या घिऊन जावा सगळ्यांनी. माझ्या मयताला आलासा, उपाशी कसं धाडू?" पोळ्या वाटल्या. तुम्हीही एक खाल्लीत.

ह्याला आता सहा महिने होतील. रोज कोणीतरी येतंय. चिकोडीच्या, संकेश्वरच्या बायका येतात, चित्राखाली खुर्ची टाकून तसंच बसतात आणि फोटो काढतात. कॉलेजच्या पोरी येतात. परवा कणकुंबीहून रूपाली नावाची बाई आली, दोन बस बदलून. जंगलातनं डोक्यावरनं पाणी वाहिलेली बाई. म्हणाली, "मलाबी काढ. पण मरायच्या आधी." माझ्या घरात आता जिवंत माणसं बसायला येतात. बोलतात, खोकतात, चहा मागतात, नाक बरोबर नाही म्हणून भांडतात. मेलेल्यांना मी आजही नाही म्हणत नाही, पण त्यांना थांबावं लागतं.

आणि ह्या सोमवारी तुमचं पत्र आलं. वर कन्नड, खाली मराठी. मला दोन्ही येतं, म्हणून दोन्ही वाचलं. कन्नडमध्ये तुम्ही विनंती केलीय, मराठीत ताकीद दिलीय. मजकूर एकच: सदर चित्र गैरसमजातून लावण्यात आले असून संबंधित व्यक्ती हयात असल्याने, सभागृहाच्या प्रथेनुसार ते तूर्त उतरवून सुरक्षित ठेवण्यात येईल.

गैरसमज कसला, साहेब? आक्का मेली हा गैरसमज होता, कबूल. पण ते हात कुणापुढं जुळले नाहीत, हाही गैरसमज? जागा तिनं आणली, हाही? माईकवर "हा माझा शब्द आहे" म्हणालात, तो शब्द तुम्ही तिला दिला होता की तिच्या मयताला?

मी पत्र आक्काला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्येला म्हणावं, उतरव. पर माझ्यासमोर उतरव, आणि का उतरवालायस ते बायकांस्नी मोठ्यानं सांग." येत्या रविवारी सकाळी ती सभागृहात येऊन बसणार आहे. यशोदाबाई येणार आहे. वखारीतल्या बायका येणार आहेत, त्यांच्या लेकी, नाती. शामू स्टूल आणून ठेवणार आहे.

तुम्ही या. नागेंद्रला पाठवू नका, बेंगळूरला जाऊ नका. स्टुलावर चढा, चित्राला हात लावा आणि खाली बसलेल्या त्या बाईला तुमच्या तोंडानं सांगा: तू अजून जिवंत आहेस, हा तुझा गुन्हा. सांगणार आहात का? हो की नाही?